हेरपटातला आवडता-नावडता प्रसंग सांगताय? या चुका टाळा

आमच्या गटात हेरपट दाखवून झाला की प्रत्येकानं दोनच गोष्टी सांगायच्या असतात. आवडलेला एक प्रसंग आणि न आवडलेला एक प्रसंग. ऐकायला किती सोपं! पण त्याच त्या चुका ऐकून माझे कान किटलेत, म्हणून एकदाच लिहून टाकते. उदाहरणं दोन सिनेमांतली घेते, कारण दोन्हींत हेर म्हणजे शत्रूच्या घरात लग्न करून गेलेली बाई आहे. एक हिचकॉकचा 'नोटोरियस' (१९४६) आणि दुसरा मेघना गुलजार यांचा 'राझी' (२०१८). दोन्ही पाहिले नसतील तर आधी ते पाहा. खाली सगळं फोडलेलं आहे.

प्रसंग विचारला की गोष्ट सांगत सुटणे

"ती लग्न करून पाकिस्तानात जाते, मग त्या अब्दुलला, घरच्या नोकराला, कळतं, मग तो पळतो, मग ती जीप घेऊन…" अहो, थांबा. ही गोष्ट आम्हीही आत्ताच पाहिली. तुम्हाला त्यातलं दिसलं काय? यावर बहुतेक जण गप्प होतात.

माझी एक सवय आहे. त्या क्षणी पात्राच्या हातात काय होतं, ते आधी वहीत लिहायचं. 'राझी'तली हेर सहमत (आलिया भट), तिच्या हातात स्टिअरिंग होतं, पिस्तूल नव्हतं, एवढं आठवलं तरी माणूस गोष्ट सोडून प्रसंगावर येतो. यात शास्त्र वगैरे काही नाही. हेरपटात माणसं तोंडानं खोटं बोलतात, म्हणून मी हातांकडे बघते, इतकंच.

"त्यात काही घडतच नाही"

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आमच्याकडे एक तरुण येतो, हुशार आहे, पण घाई फार. 'नोटोरियस'च्या वेळी त्याला यायला जमलं नाही, म्हणून त्यानं तो ऑफिसला जाता-येता मोबाइलवर दीडपट वेगानं पाहिला आणि चर्चेला मात्र वेळेवर हजर झाला. नावडता प्रसंग कोणता? "ताई, ती पार्टी. अर्धी कापली असती तरी चाललं असतं. नुसती शॅम्पेन पीत बसलेत सगळे."

शॅम्पेन पीत बसलेत! मी काही बोलले नाही. सिनेमा पुन्हा लावला, त्याच्याच वेगानं नव्हे, सिनेमाच्या वेगानं, आणि म्हटलं, फक्त बाटल्यांकडे बघ.

पार्टीच्या आधीपासून बघावं लागतं. रिओमधलं सेबॅस्टियनचं घर. तोच शत्रू आणि नायिका अलिशियाचा नवरा. नवरा आत तयार होतोय, आणि ती त्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली काढून घेते. तो बाहेर येतो, प्रेमानं तिचे दोन्ही हात धरतो. एक मूठ उघडून तळव्याचं चुंबन घेतो. किल्ली दुसऱ्या मुठीत आहे. ती मूठ तो उघडणार, एवढ्यात ती त्याच्या गळ्यात पडते, त्याच्या पाठीमागे किल्ली खाली टाकते आणि पायानं सरकवून देते. इन्ग्रिड बर्गमनचा चेहरा प्रेमळ बायकोचा, पाय हेराचा.

मग ती पार्टी. कॅमेरा वरून, सगळा दिवाणखाना दिसेल इतक्या उंचीवरून सुरू होतो आणि न तुटता खाली येत येत तिच्या मुठीतल्या किल्लीपाशी थांबतो. डेव्हलिन, अमेरिकेचा हेर आणि तिचा प्रियकर, येतो, तिचा हात हातात घेतो, किल्ली त्याच्याकडे जाते. आता प्रश्न एकच. वर ठेवलेली शॅम्पेन संपली की नोकर आणखी आणायला तळघरात उतरणार, आणि तळघराची किल्ली मालकाच्या जुडग्यात नाही. म्हणजे पाहुण्यांनी रिकामा केलेला प्रत्येक ग्लास त्या दोघांचा वेळ खातोय. बर्फातल्या बाटल्या कमी होताना हिचकॉक पुन्हा पुन्हा दाखवतो. एवढंच नाही, तो स्वतः पाहुणा म्हणून येतो, एक ग्लास घशात ओततो आणि निघून जातो. दिग्दर्शकानंच नायिकेचा वेळ पिऊन टाकला!

तिथे आमचा तरुण हसला. पण पूर्ण शरण आला असं समजू नका. "तरी थोडी लांब आहेच," म्हणाला. असू दे. निदान आता त्याला लांब काय आहे ते माहीत होतं.

तेव्हा वेग वाढवून पाहिलेल्या सिनेमाबद्दल मत देऊ नका. हेरपटात वाट पाहणं हीच घटना असते. ती दीडपट वेगानं पाहिली तर दीडपट कंटाळा येणार, आणि त्याचं खापर सिनेमावर फुटणार.

तर्काची फूटपट्टी

याची दुसरी टोकाची जात म्हणजे आमचे एक निवृत्त काका. तळघरात बाटली फुटते आणि वाइनऐवजी काळी वाळू निघते, युरेनियमची. काकांचा नावडता प्रसंग तोच. "युरेनियम कोणी वाइनच्या बाटलीत ठेवतं का हो?" नसेल ठेवत. बाटलीत हिरे असते तरी सिनेमा तसाच चालला असता. त्या तळघरापाशी बघायचं ते हे, की सेबॅस्टियन येताना दिसतो तेव्हा पकडलं जाऊ नये म्हणून डेव्हलिन अलिशियाला जवळ घेतो. म्हणजे प्रेमाचं नाटक करायचं, आणि दोघांचं प्रेम तर खरंच आहे. काका अजून युरेनियमवरच आहेत.

पात्राचा राग प्रसंगावर

अलिशिया नवरा आणि सासूच्या विषप्रयोगानं खंगत चाललेली असते, आणि तिचा वरिष्ठ अधिकारी पलंगावर लोळत चीज-बिस्किटं खात तिच्याविषयी बोलत असतो. ऐकून अनेकांचं डोकं फिरतं आणि "हा माझा नावडता प्रसंग" म्हणतात. तुम्हाला तो माणूस आवडला नाही. प्रसंगानं त्याचं काम चोख केलं. हीच गल्लत 'राझी'तल्या खालिद मीरबद्दल, म्हणजे सहमतला हेरगिरी शिकवणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल (जयदीप अहलावत), दर वेळी होते. यावर उपाय म्हणजे चहा होईपर्यंत थांबा. राग उतरल्यावरही प्रसंग खटकला तरच यादीत घाला.

काही चुका एका ओळीत आटपते.

नटाचं नाव हे उत्तर नाही; "आलिया रडते तो" म्हणजे कोणता, ती कशासाठी रडते?

मागचा देखावा पडद्यावर टाकलेला दिसतो म्हणून १९४६ च्या सिनेमाला हसू नका, तेव्हा गाडीतली दृश्यं बहुधा तशीच घेत.

शेवटचा धक्का आवडता म्हणून सांगायचा मोह टाळा, तो सगळ्यांनाच आवडतो.

आणि कृपा करून गाणं पुढे ढकलू नका! हे एका ओळीत बसत नाही. 'राझी'त "ऐ वतन" लागलं की हात रिमोटकडे जातात. सहमत पाकिस्तानातल्या शाळेतल्या मुलांबरोबर ते गाते. मुलं त्यांच्या देशासाठी गातायत, ती तिच्या. शब्द तेच, आणि समोर बसलेल्या कुणालाही संशय घ्यायला जागा नाही. तिची हेरगिरी इतकी उघडपणे दुसऱ्या कुठल्याच प्रसंगात दिसत नाही. जीपच्या पाठलागापेक्षा मला हा प्रसंग जास्त भीतिदायक वाटतो. सहमतच्या जाऊच्या भूमिकेत अमृता खानविलकर आहे म्हणून आमच्या गटातल्या निम्म्या बायका तिच्यावरच डोळे लावून असतात, ते एक वेगळंच.

रील पाहून आवडता प्रसंग ठरवणे

'नोटोरियस'चा शेवटचा जिना हल्ली तुकड्यात फिरतो. चार माणसं जिना उतरतात, संपलं. ज्यानं सेबॅस्टियनला आधी आईच्या खोलीत पाहिलेलं नाही, त्याला त्यात काय कळणार? "मी अमेरिकेच्या हेराशी लग्न केलंय," असं तो तिला सांगतो तेव्हा ती रडत-ओरडत नाही. उठून बसते आणि सिगारेट पेटवते. जिन्यावर डेव्हलिन अलिशियाला धरून खाली नेत असतो, खाली सेबॅस्टियनचे साथीदार उभे असतात, आणि सेबॅस्टियन तोंड उघडू शकत नाही, कारण उघडलं तर आपणच हेर घरात आणली हे त्यांना कळेल. माझा आवडता प्रसंग हाच. पण तो जिन्यावर घडायच्या आधी तास-दीड तास शिजत असतो.

नावडता त्याच्या अगदी आधीचा. डेव्हलिन तिला न्यायला येतो, ती अर्धवट शुद्धीत, इतक्या दिवसांनी प्रेम कबूल होतंय, आणि त्याच कुजबुजीत ती वाळू कुठल्या डोंगरातून येते तेही सांगते. विषानं लोळागोळा झालेली बाई प्रियकराच्या खांद्यावर मान टाकून अहवाल देते! गटातले बाकीचे म्हणतात, हेच तर तिचं कर्तव्य. मला वाटतं, पटकथेला ती माहिती कुठेतरी कोंबायची होती. हिचकॉकशी मी सहसा भांडत नाही, पण या दोन वाक्यांवरून भांडते, आणि तुम्हीही भांडायचं असेल तर ती वाक्यं ऐकून मगच या.