अत्याचार सोसलेल्या मुलांच्या झोपण्याच्या खोल्या: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेताना झोपण्याची खोली ही घरातली सर्वांत निवांत जागा आहे, असे आम्हाला गृहीत धरायला शिकवले होते. पलंगाची मापे, कपाटाची उंची, उजेडाची दिशा असा सगळा विचार त्या गृहीतकावरच उभा होता. गेली काही वर्षे मी अत्याचारातून बाहेर काढलेल्या मुलांच्या खोल्या नव्याने मांडण्याचे काम करते आहे आणि इथे पाऊल टाकताच हे गृहीतक मोडून पडले. यांतल्या अनेक मुलांच्या बाबतीत जे घडले ते रात्री, बंद दाराआड, त्यांच्याच अंथरुणावर घडलेले असते. आपण ज्या खोलीला विश्रांतीची जागा म्हणतो, ती या मुलांसाठी पहाऱ्याची जागा असते. नव्याने येणाऱ्यांनी आराखड्याचा कागद पुढे ओढण्यापूर्वी एवढे मनात पक्के करावे.

माझे पहिले काम चुकले होते. नऊ वर्षांची एक मुलगी नात्यातल्या कुटुंबाकडे राहायला आली होती. ती दोन दिवस बाहेरगावी असताना आम्ही तिची खोली संपूर्ण बदलली: नवा पलंग, नवे पडदे, भिंतीवर रंगवलेली झाडे. ती परत आली, उंबरठ्यावर थांबली आणि तिने एकच प्रश्न विचारला, “माझं पांघरूण कुठाय?” ते जुने, विरलेले पांघरूण आम्ही टाकून दिले होते. त्यानंतर कितीतरी रात्री ती बाहेरच्या बोळात झोपली. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुलाने उराशी धरलेल्या अशा वस्तूंचे महत्त्व सांगितले आहे. अशी वस्तू मळकी असली तरी मुलाला विचारल्याशिवाय ती धुऊसुद्धा नये, कारण तिचा वास बदलला की मुलासाठी ती वस्तू पहिल्यासारखी राहत नाही. हे मी वाचलेले होते, पण हाताने केलेल्या कामात ते उतरले नव्हते. शिवाय ज्या मुलीच्या आयुष्यातले सगळे मोठे बदल तिला न विचारता झाले होते, तिच्यावर आम्ही आणखी एक बदल लादला होता. तो बदल सुंदर होता, म्हणून तो कमी लादलेला ठरत नाही.

तेव्हापासून मी अचानक भेटवस्तू देण्याच्या थाटातले काम स्वीकारत नाही. दाते आणि स्वयंसेवक यांना मुलाचा चकित चेहरा पाहण्याची ओढ असते, ती मला समजते. पण सतत सावध राहण्याची सवय लागलेल्या शरीराला अनपेक्षित आनंद आणि अनपेक्षित धोका यांतला फरक लगेच कळत नाही. खोली टप्प्याटप्प्याने, मुलाच्या देखत बदलावी. कोणत्या दिवशी कोण येणार, कोणती वस्तू हलणार आणि कोणती हलणार नाही, हे आधी सांगावे आणि सांगितले तसेच करावे. ज्याला मोठ्यांचे शब्द खोटे ठरण्याचीच सवय आहे, त्या मुलासाठी सुताराने ठरल्या वेळी येणे हीसुद्धा उपचारातली एक गोष्ट असते.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. सुरक्षिततेची स्थापना हा पहिला, घडलेल्याची आठवण आणि शोक हा दुसरा, आणि जगाशी पुन्हा जोडले जाणे हा तिसरा. आपले काम पहिल्या टप्प्यात बसते आणि तिथेच थांबते. खोली मुलाला बरे करत नाही. समुपदेशकाबरोबर दिवसा जे अवघड काम मूल करते, त्यासाठी लागणारी झोप आणि थोडा सैलपणा खोलीतून मिळू शकतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तासांची झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. पहाटेपर्यंत दाराकडे पाहत जागणाऱ्या मुलाला तिच्या निम्मीही मिळत नाही, आणि मग शाळेतले चिडणे, विसरणे, पेंगणे यांचा दोष त्याच्या स्वभावावर जातो.

पहिल्या भेटीत “तुला कोणता रंग आवडतो?” हा प्रश्न विचारू नये, असे मी नवख्यांना सांगते. त्याचे उत्तर मूल बहुधा तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज घेऊन देते. मोठ्यांची मर्जी ओळखणे हेच त्याने जगण्यासाठी शिकलेले असते. मी खोलीची पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती नेते, त्यात पलंग, कपाट, टेबल यांचे सुटे तुकडे असतात, आणि ती जमिनीवर ठेवून मी बाजूला बसते. मूल तुकडे हलवू लागते. बहुतेक मुले पलंग कोपऱ्यात सरकवतात, डोके भिंतीकडे आणि तोंड दाराकडे. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ऍपल्टन यांनी १९७५ साली असा विचार मांडला की स्वतः दिसू नये पण समोरचे दिसावे, अशी जागा माणसाला मुळातच बरी वाटते. त्यांनी हे निसर्गदृश्यांच्या संदर्भात सांगितले होते. पुठ्ठ्याच्या त्या खोलीत मला ते प्रत्येक वेळी नव्याने दिसते. त्या वेळी मी फक्त दोन-तीन प्रश्न विचारते: “झोपताना दार दिसलेलं बरं वाटतं का?” “रात्री दिवा कुणी बंद करायचा?” “या खोलीत कुठली गोष्ट अजिबात नको?”

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे नीट लिहून ठेवावीत. दारामागची खुंटी नको, कारण तिथे पट्टा अडकवलेला असे. आरसा पलंगासमोर नको, कारण अंधारात त्यात काहीतरी हलते. पलंगाखाली मोकळी जागा नको. पण याच बाबतीत सावध राहावे: काही मुलांना पलंगाखालची जागा भीतीची वाटते, तर काहींसाठी लपण्याची तीच एक खात्रीची जागा असते, आणि आपण तिथे खण बसवून ती बंद केली तर त्यांचा आसरा जातो. कारण विचारू नये. मुलाने “नको” म्हटले की ते पुरेसे असते, आणि तिथे त्याचा नकार मानला गेला, हा अनुभव त्याला बऱ्याच दिवसांनी मिळालेला असतो.

दाराबद्दल मी सर्वांत जास्त शिकले. आत येण्यापूर्वी दार वाजवायचे आणि उत्तराची वाट पाहायची, हा नियम घरातल्या सगळ्यांसाठी, अगदी आजीआजोबांसाठीही असावा. आतून लावायची कडी मुलाला हवी असेल तर ती बसवावी, मात्र संकटात मोठ्यांना बाहेरून उघडता येईल अशीच. बाहेरून लावायची कडी कधीही नको, आणि जुनी असेल तर ती काढून तिची भोकेही बुजवावीत. खोलीत कॅमेरा लावण्याचा आग्रह काळजीपोटी होतो, तरी त्याला ठाम नकार द्यावा. एकदा आमच्या सुताराने चांगुलपणाने दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातले. अकरा वर्षांचा तो मुलगा त्या रात्री झोपलाच नाही, कारण कुणी आत आले तर कळावे म्हणून तो त्या आवाजावर विसंबून होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दाराला एक छोटी घंटी लावली. ती कुठे लावायची ते त्यानेच ठरवले.

उजेडाचे बटण अंथरुणात पडल्या पडल्या हाताला लागले पाहिजे. अंधाराची भीती घालवण्यासाठी रात्रभर पांढरा दिवा जळत ठेवणे मात्र झोपेच्या विरोधात जाते. डोळ्यातल्या काही विशिष्ट पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि शरीराला दिवस असल्याचा निरोप पोहोचवतात. त्यामुळे रात्रदिवा मंद आणि पिवळसर-तांबूस असावा, जमिनीलगत लावावा म्हणजे भिंतीवर मोठ्या सावल्या पडत नाहीत. दाराखालच्या फटीतून दिसणाऱ्या पावलांच्या सावलीने जागी होणारी मुलेही मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी फटीला रबरी पट्टी लावली, पण आधी विचारून, कारण कुणाला तीच सावली आधाराची वाटू शकते.

आवाजाचेही तसेच आहे. झोपेच्या खोलीत आवाजाची पातळी साधारण ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवले होते, आणि जाड पडदे, गालिचा, कापडी आच्छादने यांनी तो थोडाफार दबतोही. पण ज्या घरात आरडाओरड्यापूर्वी सन्नाटा पसरत असे, तिथल्या मुलाला पूर्ण शांतता हीच धोक्याची खूण वाटते. पंख्याचा एकसुरी आवाज अशा मुलाला सोबत करतो.

रंगाविषयी लोक आम्हाला सर्वांत जास्त विचारतात, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या नौदलाच्या एका तुरुंगात कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली गेली आणि त्या रंगाने माणसे शांत होतात असा बोलबाला झाला. पुढच्या काटेकोर प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. अमुक रंग शांतता देतो असे छातीठोक सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. रंग मुलाने निवडला, एवढ्याने त्याला जो अर्थ येतो तो मोठा असतो. चौदा वर्षांच्या एका मुलीने काळा रंग मागितला तेव्हा घरचे घाबरले. आम्ही पलंगामागची एक भिंत काळी केली आणि तिच्या हाती खडू दिले.

वासाचा विचार फार थोडे जण करतात. वास आठवणींना इतक्या थेट जागवतो की एखाद्या साबणाने किंवा अत्तराने मूल क्षणात गोठून जाऊ शकते. चादरी कशाने धुवायच्या हे मुलालाच निवडू द्यावे, आणि रंगाचा उग्र दर्प पूर्ण उडेपर्यंत त्याला तिथे झोपवू नये. ज्या खोलीत अत्याचार झाला तीच खोली वापरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर भिंती रंगवून भागत नाही: पलंग आणि गादी बदलावी, तोंडाची दिशा बदलावी, पायाखालचा स्पर्श, दाराची मूठ, दिव्याची जागा, सगळे बदलावे. आणि हे करावे की नाही, याचा निर्णय उपचार करणाऱ्या तज्ज्ञाशी बोलूनच घ्यावा.

काही गोष्टी छायाचित्रात कधीच दिसत नाहीत, पण त्यांनीच मुलाची लाज वाचते. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाच्या गादीवर जलरोधक आच्छादन, त्यावर चादर, त्यावर पुन्हा आच्छादन आणि पुन्हा चादर असे दोन थर घालावेत. रात्री वरचा थर काढून टाकला की खाली कोरडे अंथरूण तयार असते आणि कुणाला उठवावे लागत नाही. उपाशी ठेवले गेलेले मूल उशीखाली खाणे लपवते. त्याला दटावण्याऐवजी झाकणाचा एक डबा त्याच्या खोलीत ठेवावा आणि तो न चुकता भरलेला राहील असे पाहावे. जमिनीवर झोपणाऱ्या मुलाची गादी जमिनीवरच घालावी, महिनोन्‌महिने लागले तरी. उंच कपाटे भिंतीला घट्ट बांधणे, पडद्यांना लोंबत्या दोऱ्या नसणे, सहा वर्षांखालील मुलाला दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर न झोपवणे, हे तर कुठल्याही मुलाच्या खोलीत पाळायचे नियम आहेत.

स्वतःच्या मर्यादांविषयी कडक राहावे. मुलाबरोबर खोलीत एकटे थांबू नये, घरचे किंवा संस्थेचे मोठे माणूस सोबत असावे, आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाची आधी पडताळणी झालेली असावी. घडलेल्याबद्दल आपण होऊन विचारू नये. मूल स्वतःहून काही सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, “तू सांगितलंस ते बरं केलंस” एवढे म्हणावे, “कुणाला सांगणार नाही” असे वचन मात्र देऊ नये, आणि ते त्याच दिवशी जबाबदार यंत्रणेला कळवावे. मुलाचे, खोलीचे, दारावरच्या नावाचे छायाचित्र कुठेही देऊ नये. दात्याच्या नावाची पाटी त्या खोलीत नको. यावरून मी कामे गमावली आहेत. ती गेली याचे मला दुःख नाही.

बैठकांमध्ये कधीतरी कुणी म्हणते की आधी गरजा, मग सजावट. अशा वेळी मी संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क करारातले ३९ वे कलम वाचून दाखवते. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचे सावरणे त्याचे आरोग्य, आत्मसन्मान आणि प्रतिष्ठा जपणाऱ्या वातावरणात झाले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. त्याच कराराच्या १२ व्या कलमात मुलाला आपले मत मांडण्याचा, तर १६ व्या कलमात खाजगीपणाचा हक्क आहे. दार वाजवून आत येणे आणि पलंग कुठे ठेवायचा हे मुलाला विचारणे या हक्कांच्याच अगदी घरगुती आवृत्त्या आहेत, असे मला मनापासून वाटते.

ज्या मुलांना एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात जावे लागते, त्यांच्यासाठी भिंतीत पक्के बसवलेले काही करण्यात अर्थ नसतो. पांघरूण, दिवा, कुलपाची छोटी पेटी आणि पुठ्ठ्याची ती प्रतिकृती हे सगळे मावेल अशी एक चांगली बॅग मी त्यांना देते, म्हणजे नव्या घरी पहिल्या रात्री निदान उशाजवळचा उजेड ओळखीचा असतो.

पहिल्या कामातल्या त्या मुलीकडे मी सात महिन्यांनी पुन्हा गेले होते. मी मोठ्या हौसेने खिडकीशी लावलेला पलंग तिने मामेभावाच्या मदतीने आतल्या कोपऱ्यात नेला होता, रंगवलेल्या झाडांवर स्वतःची चित्रे चिकटवली होती, आणि खिडकीशी मोकळ्या झालेल्या जागेत एक उशी टाकली होती. मी दार वाजवले. आतून थोड्या वेळाने आवाज आला, “थांबा, अजून नाही.” मी बाहेर उभी राहिले.