व्हेरिकोसीलचं ऑपरेशन: कधी करायचं, काय सांभाळायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'व्हेरिकोसील' (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) आलं म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना ते असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. फुगलेल्या शिरा हाताला लागतात, वीर्यतपासणीत दोष आहे आणि मूल हवंय, हे तिन्ही जुळलं तर ऑपरेशनचा विचार करायचा. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या शिरा बांधून काही हाती लागत नाही.

तपासणी उभ्यानेच आणि उबदार खोलीत व्हायला हवी. थंडीत कातडी आक्रसली की बोटांना काही कळत नाही. श्वास कोंडून जोर केल्यावरच शिरा लागल्या तर पहिली ग्रेड, एरवीही लागल्या तर दुसरी, नुसत्या डोळ्यांना दिसल्या तर तिसरी. डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून हा त्रास बहुधा डावीकडे. फक्त उजवीकडेच असेल किंवा आडवं झाल्यावरही फुगवटा उतरत नसेल, तर आधी पोटाचं स्कॅनिंग. आत एखादी गाठ शिरेवर दाब देत असू शकते.

वीर्यतपासणी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा, दरवेळी २ ते ७ दिवस वीर्यपात टाळून. मधल्या काळात जोराचा ताप येऊन गेला असेल तर तो रिपोर्ट धरू नका. सोबत एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सची रक्ततपासणी. पत्नीच्या तपासण्याही ऑपरेशनच्या आधीच. तिचं वय पस्तिशीपुढे असेल तर फरकाची वाट पाहण्यात जाणारे महिनेच महाग पडतात. हे बऱ्याचदा कुणी स्पष्ट बोलत नाही.

पद्धत विचारून घ्या. मायक्रोस्कोपखाली, जांघेच्या खालच्या बाजूला २-३ सेंटिमीटरचा छेद घेऊन केलेल्या ऑपरेशनात शिरा पुन्हा फुगण्याचं आणि पाणी साठण्याचं प्रमाण सगळ्यात कमी. कारण सरळ आहे: वृषणाची धमनी जेमतेम मिलिमीटरभर जाड, शिरांच्या जाळ्यात चिकटून बसलेली. लसवाहिन्या (ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तर पाण्यासारख्या पारदर्शक. साध्या डोळ्यांनी त्या शिरेबरोबरच बांधल्या जातात आणि पुढे हायड्रोसील होतं, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठतं. म्हणून सर्जन छोटा डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) टेकवून धमनीचा ठोका ऐकतो, ती बाजूला काढतो, मगच एकेक शीर बांधून कापतो. वीर्यनलिका आणि तिच्या रक्तवाहिन्यांना हात लावायचा नाही. बारीकशी एखादी शीर सुटली तर तीच पुढे फुगते. टाके न घालता कॅथेटरने शीर बंद करण्याचाही पर्याय आहे, पण दर वेळी कॅथेटर त्या शिरेत पोचतोच असं नाही.

पहिले दोन दिवस कापडातून थोडा थोडा वेळ बर्फ, आणि घट्ट लंगोट किंवा सपोर्टर. दोन-तीन आठवडे जड उचलणं, जिम बंद. संबंध कधी सुरू करायचे ते टाके तपासताना विचारा. थोडं काळंनिळं पडणं चालतं. सूज झपाट्याने वाढली, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर त्याच दिवशी दाखवा.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे महिन्याभरात तपासणी करणं म्हणजे पैसे वाया. पहिली तीन महिन्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनंतरही आकडे तिथेच असतील तर शीर राहिली आहे का ते पुन्हा बघायचं. राहिली नसेल तर आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबी) वळायचं. ऑपरेशनआधी शुक्राणू शून्य होते आणि आता थोडे दिसू लागलेत, तर तो नमुना लगेच गोठवून ठेवा. ते पुन्हा नाहीसेही होतात.