अर्धा किलो पल्प घातला, तरी फळ कमीच

फूड टेक्नॉलॉजी शिकून साताऱ्यातल्या एका छोट्या क्रश (दुधात घालून प्यायचा फळाचा दाट गोड पाक) युनिटमध्ये लागले, तो माझा पहिला सीझन. भिलारची स्ट्रॉबेरी रोज क्रेटनं उतरत होती. एके दिवशी १० किलोच्या बॅचमध्ये माझ्या हातून पल्प, म्हणजे फळाचा गर, २ किलोच पडला. क्रशमध्ये फळ किमान २५ टक्के आणि ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचा, वजनातला टक्का) किमान ५५ लागतो. म्हणजे पल्प अडीच किलो हवा होता. मी अर्धा किलो मोजायला घेतला.

युनिट चालवणाऱ्या काकूंनी हात धरला. "अर्धा किलो घातल्यावर भांड्यात दहाच किलो राहणार का गं?"

नव्यानं येणाऱ्यांनी इथं थांबून हिशोब करून बघा. अडीच भागिले साडेदहा, म्हणजे २३.८ टक्के. घातलेला माल एकूण वजनातही मिळतो, म्हणून कमी पडलेल्या ०.५ ला ०.७५ नं (१ वजा ०.२५) भागायचं. उत्तर येतं ६६७ ग्रॅम.

पण एवढ्यानंही भागत नाही. आमच्या पल्पचा ब्रिक्स जेमतेम ८ होता. तो घातला की ५५ चा ब्रिक्स ५२ वर येतो. मग साखर वाढवायची. साखर वाढवली की एकूण वजन वाढतं आणि फळाचा टक्का पुन्हा घसरतो. दोन्ही समीकरणं एकत्र सोडवली, तेव्हा १ किलो २० ग्रॅम पल्प आणि १ किलो ७० ग्रॅम साखर निघाली. अगदी काठावर नको म्हणून आम्ही १ किलो ५० ग्रॅम पल्प आणि १ किलो १०० ग्रॅम साखर घातली. बॅच झाली १२ किलो १५० ग्रॅमची. मला सुचलेल्या अर्ध्या किलोच्या दुपटीहून जास्त पल्प लागला! कॉलेजात मी असली गणितं कितीतरी सोडवली होती, पण समोर भांडं असताना ती आठवावी लागतात.

आता इसेन्स. आधी ०.२ टक्के, म्हणजे २० ग्रॅम घातला होता. नव्या वजनाला २४.३ ग्रॅम हवा, म्हणून ४.३ ग्रॅम वाढवला. घातलेला इसेन्सही एकूण वजनात मिळतो, पण इतक्या कमी टक्क्याला तो फरक काट्यावर दिसतही नाही. तिथं चूक होते ती मापात. इसेन्स मिलिलिटरमध्ये आणि पाक किलोत मोजू नका. ६५ ब्रिक्सचा एक लिटर पाक १ किलो ३०० ग्रॅमच्या वर भरतो. सगळं वजनावर घ्या, आणि इसेन्ससाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा वेगळा ठेवा.

इसेन्स गरम मालात घालू नका, वास उडून जातो. इसेन्स जास्त वाटला तर साधा पाक ओतून तो पातळ करायचा मोह होतो, पण त्यानं फळाचा टक्काही खाली येतो. पल्प आणि साखर दोन्ही त्याच प्रमाणात असलेली, बिनइसेन्सची बॅच त्यात मिसळा.

चव चमच्यानं चाटून ठरवू नका. गिऱ्हाईक पिणार तसं थंड दुधात घालून, रात्रभर मुरल्यावर बघा. त्या बॅचची लेबलं काकूंनी दुसऱ्या दिवशी दुपारी, दुधाचा पेला संपवल्यावरच लावू दिली.