नेतृत्वावरची सादरीकरणं झाल्यावर काय करायचं? द्वितीय भाषा मराठीच्या वर्गासाठी

पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीच्या तासाला ‘नेतृत्व’ हा विषय दिला की शिवाजी महाराज, सावित्रीबाई आणि टिळक ठरलेले. मुलं घोकून येतात, टाळ्या पडतात, आणि वहीत शेरा उरतो, ‘छान. आवाज मोठा हवा.’ या शेऱ्याने मराठीही सुधारत नाही आणि नेतृत्वाचा विचारही पुढे सरकत नाही.

ऐकताना एकच गोष्ट धरा: मुलाने नेत्याचा एक तरी निर्णय सांगितला का? भाषा कच्ची असली की मुलं ‘महान’, ‘धाडसी’, ‘थोर’ यांचा आसरा घेतात, कारण ‘ते महान होते’ हे वाक्य सहसा चुकत नाही. ‘1868 साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला’ हे सांगायला मात्र विभक्ती, लिंग, भूतकाळ सगळंच लागतं. म्हणजे आशय जिथे पातळ होतो तिथेच बहुधा व्याकरण अडलेलं असतं. दोन्हींचा मागोवा एकाच ठिकाणी घेता येतो.

प्रत्येक सादरीकरणासाठी एक कोरा कागद उभा दुमडा. डावीकडे मुलाची तीन-चार वाक्यं जशीच्या तशी, चुकांसकट. उजवीकडे निर्णय, विरोध, परिणाम यांपैकी जे आलं ते. गुण त्याच वेळी देऊ नका. आकडा टाकला की कान बंद होतात.

40 मिनिटांच्या तासात चारच सादरीकरणं घ्या. प्रत्येकी 3 मिनिटं बोलणं, 2 मिनिटं प्रश्न, 2 मिनिटं वर्गाने लिहिणं. उरलेली 12 मिनिटं फळ्यासाठी. पाचवं कोंबलंत तर गदा या 12 मिनिटांवरच येणार.

खरं मराठी कळतं ते प्रश्नोत्तरांत, कारण ती पाठ करता येत नाहीत. ‘त्यांना विरोध कोणी केला?’ एवढंही पुरतं. उत्तर ‘लोक’ आलं की ‘लोकांनी’, यावरून प्रथमेच्या पुढे मूल गेलंय का ते समजतं. विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. मध्येच शब्द पुरवू नका. महाराजांबद्दल प्रश्न विचारायला वर्ग बिचकतो, तेव्हा पुरंदरच्या तहाकडे वळा: 1665 मध्ये 23 किल्ले का दिले असतील? पराक्रमाच्या पाठ वाक्यांपलीकडे जाऊन मुलांना ‘कारण’ आणि ‘म्हणून’ वापरावंच लागतं. नववी-दहावीला टिळक-आगरकरांचा वाद द्यावा. 1881 मध्ये ‘केसरी’त एकत्र असलेल्या या दोघांपैकी आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. आधी राजकीय हक्क की आधी सामाजिक सुधारणा, हे मांडताना ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ आपोआप लागतात.

आता फळा. चारही कागदांवरून पाच वाक्यं नावाशिवाय लिहा, त्यांत एक बरोबर वाक्य मुद्दाम मिसळा. कोणत्या चुका कुठून येतात हे माहीत असलं की निवड सोपी जाते:

– घरी तमीळ, तेलुगू किंवा कन्नड असेल तर ‘सावित्रीबाई शाळा सुरू केल्या’. त्या भाषांत कर्त्याला ‘नी’सारखा प्रत्यय लागत नाही. हवं ते ‘सावित्रीबाईंनी शाळा सुरू केली’.

– घरी हिंदी असेल तर ‘नी’ जमतं, नपुंसकलिंग निसटतं. ‘त्यांनी मुलींना शिकवला’, ‘पाऊल उचलला’. इथे ‘शिकवलं’, ‘उचललं’.

– सगळ्यांचीच अडचण सामान्यरूपाची: ‘भिडे वाडामध्ये’ऐवजी ‘भिडे वाड्यात’.

एका तासाला एकच प्रकार घ्या. तिन्ही एकदम घेतलेत तर मुलं पुन्हा ‘महान’कडे पळतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

मुलांनी स्वतःकडे पाहावं यासाठी ध्वनिमुद्रण उत्तम. शाळेची आणि पालकांची परवानगी आधी घ्या. व्हिडिओ नको, आवाज पुरे. प्रत्येकाने आपल्या बोलण्यातलं एक मिनिट घरी उतरवून काढायचं, जसं बोललो तसंच, आणि त्यातलं एकच वाक्य स्वतः दुरुस्त करायचं. इथे हमखास घोळ होतो: आई किंवा शिकवणीच्या ताई सगळंच शुद्ध करून देतात. गुळगुळीत वही आली तर परत पाठवा.

गटाने सादर केलं असेल तर मजेशीर प्रकार दिसतो. नेतृत्वावर भाषण, आणि ज्याचं मराठी बरं त्याने सगळं बोलायचं. बाकीच्यांच्या वाट्याला ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’. ओरडू नका, विचारा: वाटणी कोणी ठरवली? कोणाला विचारलं नाही? तो आज आला नसता तर? आधी कोणत्याही भाषेत लिहू द्या, मग त्यातली दोन वाक्यं मराठीत. थेट मराठीचा आग्रह धरला तर ‘सगळ्यांनी मिळून केलं’ एवढंच हाती येतं.

आठवड्याने त्याच मुलांना तोच एक निर्णय एका मिनिटात सांगायला लावा, स्लाइड नाही, कागद नाही. तुमचा दुमडलेला कागद जवळ ठेवा आणि डावीकडचं कोणतं वाक्य बदललं त्यावर खूण करा. गुण द्यायचे ते या वेळी.