मालकाच्या टेबलाला फाइव्ह एस कोण लावणार?

भोसरी एमआयडीसीत कुठल्याही बऱ्यापैकी वर्कशॉपमध्ये जा, जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात, बोर्डावर प्रत्येक पान्याच्या मागे त्याची आकृती काढलेली असते, भिंतीवर फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या जपानी पद्धतीचे पाच शब्द, सेइरी (नको ते काढणं), सेइतोन (जागच्या जागी लावणं), सेइसो (सफाई), सेइकेत्सु (ठरलेली पद्धत), शित्सुके (शिस्त) असं अर्थासकट लावलेलं असतं, कारण कस्टमरचं ऑडिट असतं. आणि तिथेच मालकाच्या केबिनचं दार उघडा, टेबलाची काच शेवटची कधी दिसली ते त्यालाही आठवत नाही. माझंही हेच होतं.

गेल्या वर्षी एका जुन्या डायरीखाली पार्टीचा चेक सापडला, तारखेला चार महिने होऊन गेलेले. चेक चालतो तीनच महिने, एप्रिल २०१२च्या आधी सहा चालायचा आणि माझ्या डोक्यात अजून तेच बसलेलं. दुसरा चेक मागायला गेलो तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर केबिन आवरायला घेतली.

दिवस सुट्टीचाच धरा, इकडे एमआयडीसीत गुरुवार, तुमचं ऑफिस शहरात असेल तर रविवार. दसऱ्याची वाट बघू नका, खंडेनवमीला आपण मशीन पुसून हार घालतो आणि टेबलावरचे कागद पोत्यात भरून कपाटावर टाकतो, त्याला आवरणं म्हणत नाहीत.

आधी सतरंजी टाका आणि टेबल, ड्रॉवर, खिडकीची कड, खुर्चीमागचं स्टूल सगळं तिच्यावर रिकामं करा. अर्धवट नको, कारण अर्धवट केलं की ढीग फक्त जागा बदलतो. माझ्याकडे निघालं ते असं: अकरा पेनं (चालू चार), कुठल्या लॉटचे ते कुणालाच सांगता येईना असे तीन रिजेक्ट पीस, होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका, मिठाईच्या डब्यात रबरबँड, आणि मापं घ्यायचा व्हर्निअर, जो क्वालिटीवाले दोन महिने शोधत होते.

मग एकेक वस्तू हातात घ्यायची आणि ठरवूनच खाली ठेवायची: मला काम करायचंय, दुसऱ्या कुणाचं आहे, फाइलला जाईल, की रद्दी. ठरतच नसेल तर खोक्यात टाका आणि शॉपफ्लोअरवर लावतो तसा लाल टॅग लावा, वर तारीख घालून. महिनाभरात हात लागला नाही तर ते गेलं.

रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी सीएला एक फोन मात्र करा. जीएसटीचे हिशोब आणि बिलं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं, आणि केस चालू असेल तर त्याहून जास्त. ती केबिनमध्येच ठेवा असं कुठेही म्हटलेलं नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून बॉक्स फाइली आणा, पाठीवर वर्ष मोठं लिहा आणि कपाटात.

आता खरी गोष्ट. माझ्या ढिगातले निम्म्याहून जास्त कागद माझे नव्हतेच. स्टोअरचं चलन, क्वालिटीचं टेस्ट सर्टिफिकेट, डिस्पॅचची चिठ्ठी. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवलंय’ म्हटलं की ठेवणाऱ्याचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं, म्हणून टेबल कितीही वेळा आवरलं तरी आठ दिवसांत परत तसंच होतं. यावर उपाय एकच चालला, टेबलावर कुणी काही ठेवायचं नाही, दाराबाहेर एक ट्रे. त्यातल्या प्रत्येक कागदावर चिठ्ठी हवी: सही पाहिजे, उत्तर पाहिजे की नुसतं बघायचंय, आणि कधीपर्यंत. चिठ्ठी नसेल तर कागद परत. साडेअकराला आणि पाचला मी ट्रे रिकामा करतो. पहिला आठवडा सगळे फुगून होते, ‘एवढ्याशासाठी चिठ्ठी कशाला’ वगैरे, मग एक दिवस अकाउंट्सच्या मॅडमनी चिठ्ठी लावली, ‘सही. आजच. २० तारीख आहे सर.’ ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस होता, एरवी तो कागद डायरीखाली गेला असता.

टेबलावर आता फोन, लॅपटॉप, एक वही, एक पेन आणि पाण्याची बाटली. कॉम्प्युटरवर फायलींची नावं वर्ष, महिना, पार्टी, विषय याच क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. निघताना दहा मिनिटं आवरायला ठेवली आहेत, रोज जमतातच असं नाही.

आणि शॉपच्या महिन्याच्या फाइव्ह एस ऑडिटमध्ये माझी केबिनही घातली, शॉपचाच फॉर्म, तपासणार सुपरवायझर. पहिल्यांदा तो दारातूनच ‘ठीक आहे साहेब’ म्हणून निघाला होता, मी परत बोलवलं. मग त्याने खालचा ड्रॉवर ओढला, जो मी उघडलाच नव्हता, आणि दहापैकी चार मार्क दिले.