टायमिंग घसरलं म्हणून सराव वाढवताय? लहान धावपटूंच्या प्रशिक्षणातल्या या चुका टाळा

८०० मीटर २:१२ मध्ये पळणारा चौदा वर्षांचा मुलगा महिन्याभरात २:१६ वर येतो. कोच म्हणतात, दम कमी पडतोय, आणि आठवड्यात इंटरव्हलचा (वेगात पळणं, थोडी विश्रांती, पुन्हा वेगात पळणं) आणखी एक दिवस वाढतो. दोन आठवड्यांनी टायमिंग २:१८. घरच्यांच्या मते मोबाइल जास्त झालाय. मुलाला वाटतं, आपणच कमी पडतोय. मग तो कुणालाही न सांगता पहाटे एकटाच जादा पळायला लागतो. तिघांचाही हेतू चांगला असतो आणि तिघं मिळून त्याला आणखी खड्ड्यात घालतात.

घसरलेल्या टायमिंगवर पहिला उपाय काम कमी करून पाहणं हाच असायला हवा. याचं कारण साधं आहे. सराव कमी पडत असेल तर एक आठवडा हलका गेल्याने काही बिघडत नाही. सराव जास्त झाला असेल आणि आपण तो वाढवला, तर अख्खा सीझन जातो.

क्रीडावैद्यकात या थकव्याच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत मुद्दाम जास्त काम दिलेलं असतं. टायमिंग थोडं पडतं, काही दिवस आराम मिळाला की आधीपेक्षा सुधारतं. दुसरीत टायमिंग परत यायला कित्येक आठवडे लागतात आणि हाती काही लागत नाही. तिसरी म्हणजे खरं ओव्हरट्रेनिंग. त्यात महिनेच्या महिने जातात, आणि झोप, भूक, मूड सगळंच बिघडतं. अडचण अशी की सुरुवातीला या तिन्ही पायऱ्या ट्रॅकवरून सारख्याच दिसतात. किती दिवसांत सावरला, यावरूनच पायरी कळते. म्हणून आधी आराम, मग निदान.

हलका दिवस हलका नसतो

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे, आणि ती वेळापत्रकात दिसतच नाही. कागदावर आठवडा अगदी शहाणा असतो: दोन जड दिवस, दोन हलके, एक लांब पळणं, दोन दिवस सुट्टी. प्रत्यक्षात काय होतं ते मोजायची सोपी पद्धत आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, आजचं काम ० ते १० मध्ये किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं.

समजा कोचच्या कागदावर असं आहे: सोमवारी इंटरव्हल ६० मिनिटं गुणिले ८, म्हणजे ४८०. मंगळवारी हलकं पळणं ४० गुणिले ३, म्हणजे १२०. बुधवारी सुट्टी. गुरुवारी ६० गुणिले ७, म्हणजे ४२०. शुक्रवारी पुन्हा हलके १२०. शनिवारी लांब पळणं ७० गुणिले ४, म्हणजे २८०. रविवारी सुट्टी. बेरीज १४२०.

आता मुलाला विचारा. मंगळवारी ग्रुपमधल्या मोठ्या मुलांबरोबर पळाला, त्यांचा हलका वेग याला ६ चा पडला, म्हणजे २४०. बुधवारच्या सुट्टीत शाळेच्या फुटबॉल टीममध्ये तासभर खेळला, ३६०. शुक्रवारी पुन्हा २४०. बेरीज २०२०. कागदापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त काम झालं आणि कोचला त्याचा पत्ताच नाही! इथे सोमवारचं इंटरव्हल कमी करून काही साधणार नाही, कारण दुखणं तिथे नाहीच.

उपायही सरळ आहेत. हलक्या दिवशी घड्याळ काढून ठेवा. पळताना पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकेक शब्द तोडून बोलावं लागत असेल तर तो हलका दिवस उरला नाही. ग्रुपचा वेग सगळ्यात लहान मुलाने ठरवायचा. आणि शाळेतला पीटी, फुटबॉल, दुसऱ्या क्लबचा सराव, हे सगळं एकाच वहीत आलं पाहिजे. दोन कोच असतील तर त्यांनी आपसात बोलायचं. निरोप्याचं काम मुलावर टाकू नका. दोघांपैकी कुणाला नाही म्हणायचं हे चौदा वर्षांच्या मुलाला जमत नाही.

मोठ्यांचं वेळापत्रक उचलणं

पुरुषांच्या १५०० मीटरचा ऑलिम्पिक विजेता आठवड्यात काय करतो हे आता मोबाइलवर मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते ट्रॅकवर येतं. पद्धती वाईट नसतात. त्यातला लगाम तेवढा मागे राहतो.

इंटरव्हलचंच घ्या. जर्मन कोच वॉल्डेमार गेर्शलर यांनी हृदयाचे अभ्यासक हर्बर्ट राइंडेल यांच्याबरोबर ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळाला आणि तो विश्वविक्रम १९५५ पर्यंत टिकला. त्या पद्धतीत नियम असा होता: रिपीटनंतर, म्हणजे ठरलेलं अंतर एकदा वेगात पळून झाल्यावर, साधारण १८० वर गेलेली नाडी दीड मिनिटाच्या आत १२० च्या आसपास उतरली पाहिजे. उतरत नसेल तर काम जास्त झालं. म्हणजे थांबायची खूण पद्धतीतच होती. आज बहुतेक ठिकाणी रिपीट किती आणि विश्रांती किती एवढंच उरलंय. खुणेचा भाग गळून गेला.

हे नाडीचे आकडे मुलांना जसेच्या तसे लावू नका. मुलांची नाडी मुळातच जलद असते आणि वयात येण्याआधी त्यांचा दमही मोठ्यांपेक्षा लवकर परत येतो. कोचची फसगत इथेच होते. पोरगं मिनिटभरात ताजंतवानं दिसतं, "सर, अजून दोन?" असं विचारतं. फुप्फुसं तयार असतात, पण हाडं आणि स्नायूबंध तेवढे तयार नसतात, आणि ते तक्रार उशिरा करतात.

न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियर्ड यांचं तसंच. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दुपारी जिंकलं, आणि आठवड्याला १०० मैल हा आकडा जगभर गेला. पण ते दोघं विशीतले होते, वर्षानुवर्षं पळून तिथे पोचलेले. शिवाय त्या मैलांचा मोठा भाग दम न लागता पळायचा होता. तेरा वर्षांच्या मुलाला आकडा दिला आणि संथपणा दिला नाही, तर लिडियर्डमधलं काहीच दिलं नाही.

सध्या चलती आहे ती नॉर्वेच्या पद्धतीची: एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ थ्रेशोल्डचं काम, म्हणजे दम तुटण्याच्या जरा अलीकडच्या वेगाने पळणं. ती माणसं बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट (जोराच्या कामात रक्तात वाढणारा घटक) तपासतात, ते मुख्यतः वेग आवरण्यासाठी. लॅक्टेट मोजायचं यंत्र नसताना आणि शेजारी स्पर्धक पळत असताना तेच काम आठवड्यातून चार वेळा शर्यत लावल्यासारखं होतं. शाळकरी मुलांना दिवसातून दोनदा पळवायची गरज मला तरी कधी दिसलेली नाही.

शेवटचे रिपीट ओढून काढणं

८ × ४०० मीटर, मध्ये ९० सेकंद विश्रांती, लक्ष्य प्रत्येकी ७५ सेकंद. वहीत असं उतरतं: ७४, ७४, ७५, ७५, ७६, ७९, ८१, आणि शेवटचा जीव काढून ७८. कोच खूश: "बघ, होता की नाही तुझ्यात दम!"

सहाव्या रिपीटला ट्रॅकच्या कडेला उभं राहून नीट बघा. खांदे कानाकडे चढलेत. मुठी आवळल्यात. आतापर्यंत पाय पडल्याचा आवाज जेमतेम येत होता, आता थपथप ऐकू येतोय, कारण पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतोय. वळणावर डोकं एका बाजूला कलतंय. या क्षणापासून मुलगा चुकीच्या पद्धतीने पळायचाच सराव करतोय. माझा नियम असा: लागोपाठ दोन रिपीट लक्ष्यापेक्षा तीन सेकंदांनी मागे पडले की काम संपलं. वरच्या उदाहरणात सातव्यानंतर बूट काढायचे. पाच चांगले रिपीट झाले तर तो दिवस चांगलाच गेला. आणि पहिला रिपीट ६९ मध्ये निघाला असेल तर चूक आठव्याची नसतेच.

उंची वाढते आहे हे विसरणं

मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात वेगाने वाढते. भरात असताना वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर. या काळात पायांची लांबी बदलते, पळण्याची ढब बिघडते, गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो, टाच दुखते. ही दुखणी हाडाच्या वाढत्या भागावर स्नायूबंधाची ओढ बसल्यामुळे होतात. "वाढीचं दुखणं आहे, पळ" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. दर महिन्याला भिंतीवर उंचीची खूण करा. उंची झपाट्याने वाढत असेल तर उड्या, चढावरचे स्प्रिंट आणि स्पाइक्समधलं (खिळ्यांच्या बुटांतलं) काम कमी करा, ड्रिल्स आणि हलकं पळणं चालू ठेवा.

मुलींच्या बाबतीत वयात आल्यावर टायमिंग वर्ष-दोन वर्षं अडकून पडू शकतं, क्वचित मागेही जातं. शरीर बदलतंय, त्याला वेळ लागतो. पण नेमकं याच वेळी "मन लागत नाही हिचं" असं म्हटलं जातं, आणि कुणीतरी वजनाचा विषय काढतं.

तो काढूच नका. कमी खाणं आणि जास्त पळणं एकत्र आलं की शरीर हाडं घडवण्यात आणि पाळीत काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये यावर सविस्तर भूमिका मांडली, आणि मुलग्यांनाही हे होतं हे त्यात स्पष्ट केलं. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी पळाली होती. वजन कमी करण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली, हे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नसेल, किंवा सुरू होऊन तीन महिने आली नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. "धावणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे ऐकून गप्प बसायचं नाही. हा प्रश्न विचारायला कोचला संकोच वाटत असेल तर मुलीची आई, ताई किंवा शाळेतल्या बाईंना आधीच विश्वासात घ्या.

आणखी काही, थोडक्यात

उशिरा आला म्हणून पाच लॅप, ही शिक्षा बंद करा. तो भार कुठल्याच हिशेबात येत नाही आणि पळणं म्हणजे दंड हे डोक्यात बसतं. दर आठवड्याला टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळ लावून पूर्ण जोराची चाचणी, घेऊ नका. दोन दिवसांच्या शालेय स्पर्धेत एकाच मुलाला ४००, ८००, लांब उडी आणि रिले देऊन, हीट्स धरून सात-आठ वेळा जीव तोडून पळवायचं आणि सोमवारी पुन्हा ट्रॅकवर बोलवायचं, हे तर अगदी सर्रास चालतं. स्पर्धेच्या आठवड्यात घाबरून जड काम देण्याने नवा दम तयार होत नाही. तेवढ्या दिवसांत फक्त थकवाच हाती लागतो. आणि वर्षातून काही आठवडे ट्रॅक पूर्ण बंद ठेवा. पोहू दे, खेळू दे.

घसरलंच असेल तर

पहिला आठवडा: पळण्याचं अंतर निम्मं, वेगाचं काम शून्य. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, ती खरोखर मिळते का ते बघा. पहाटे पाचचा सराव आणि रात्री अकरापर्यंत अभ्यास यात ती बसत नाही, मग सराव हलवा. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजून लिहा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. ती नेहमीपेक्षा बरेच दिवस चढलेली राहिली तर बघायचं. त्याहून मोलाची खूण म्हणजे वागणं. ट्रॅकवर बडबड करणारा मुलगा गप्प झालाय का, चिडतोय का, बूट बांधायला उगाच वेळ लावतोय का?

आठ-दहा दिवसांत तरतरी आली तर साधा थकवा होता. दोन आठवड्यांतही काही फरक नसेल तर डॉक्टर. त्यांना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनबद्दलही विचारा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नका. थायरॉइड किंवा अंगात मुरलेला एखादा संसर्गही असाच थकवा देतो.

हाडाच्या दुखण्यात वाट पाहायची नाही. नडगीवर सगळीकडे दुखत असेल तर काम कमी करून बघता येतं. पण मुलगा एका बोटाने नेमकी जागा दाखवत असेल, एका पायावर उडी मारताना तिथेच कळ येत असेल किंवा रात्री दुखत असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यावर विसंबून ट्रॅकवर आणू नका. जांघेतलं दुखणं तर आणखी गंभीर धरा. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असू शकतो.

परत आणतानाचा क्रम: आधी दिवस वाढवा, मग अंतर, सगळ्यात शेवटी वेग, आणि स्पाइक्स त्याच्याही नंतर. पहिले काही आठवडे घड्याळ कोचच्याच खिशात राहू द्या. पहिली शर्यत मुख्य अंतराची नको. ८०० वाल्याला रिलेत किंवा ४०० मध्ये उतरवा. जुन्या २:१२ शी तुलना झालीच, तर मुलगा ती पूर्ण जोर लावून भरून काढायला बघतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.