हलक्या कुऱ्हाडीने लाकडं फोडताय? या चुका टाळा

मे महिना लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दोन कामांची घाई उडते: पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची आणि मांगरात, म्हणजे खोपीत लाकडं रचायची. गॅस घरोघरी आला, तरी न्हाणीतल्या हंड्याखाली अजून लाकूडच जळतं. ज्यांची काजूची भट्टी आहे त्यांना तर हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) सुरू झाल्यापासून लाकूड पुरत नाही. आणि बाजारातून किलोभराची कुऱ्हाड आणणाऱ्या प्रत्येकाची तक्रार ठरलेली: ‘ही फार हलकी. फांद्या तुटतात, ओंडका फुटत नाही.’ मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. कुऱ्हाड बदलली नाही, पण हल्ली ओंडके फुटतात.

हलकी म्हणून माणूस अंगातला सगळा जोर लावतो. खांदे आवळतो, दांडा गच्च धरतो आणि तिथेच वेग मरतो. गणित शाळेतलंच आहे: वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून मूठ सैल ठेवा. उचलताना एक हात पात्याजवळ असू द्या, खाली येताना तो दांड्यावरून घसरत दुसऱ्या हाताला येऊन भिडू द्या. घाव बसायच्या क्षणी गुडघे थोडे वाकवा, म्हणजे पातं सरळ उतरतं. पातं रुतताच मनगटाला बारीकसा पीळ दिला की ढलपा बाजूला उडतो. हे एका दिवसात जमत नाही, आठवडाभरात जमतं.

मधोमध घाव घालू नका

फूटभर जाडीचा ओंडका उभा केला की हात आपोआप मध्यावर जातो. भारी कुऱ्हाडीला ते परवडतं. हलकीचं पातं दोन बोटं रुतून बसतं, मग तुम्ही ओंडक्यासकट कुऱ्हाड आपटत राहता. कडेने सुरुवात करा. सालीपासून दोन-तीन बोटं आत, कडेला समांतर घाव घाला, एक ढलपा काढा, ओंडका फिरवा, पुढचा काढा. मधला गाभा उरेल तोवर तो इतका बारीक झालेला असतो की एका घावात दोन होतात.

त्याआधी ओंडक्याचं तोंड बघा. वाळताना मध्यापासून सालीकडे भेगा पडलेल्या असतात. गाभा दुभागायची वेळ आली की त्यातल्या सगळ्यात मोठ्या भेगेवरच घाव घाला. गाठ असेल ती बाजू खाली ठेवा. मी नुसताच घाव घालत सुटलो की बाबा पायरीवरून ओरडायचे, ‘आदीं लाकूड पळय मरे!’ म्हणजे आधी लाकूड बघ रे.

सगळी लाकडं एका मापाने मोजू नका

अकेशिया साधारण सरळ धाग्याचा, शिकायला हाच घ्या. फणसही बऱ्यापैकी सरळ सुटतो, पण ओला असेल तर चीक पात्याला चिकटतो, अधूनमधून खोबरेल तेलाचा फडका फिरवा. काजूचं लाकूड मऊ, पण झाडच वाकडंतिकडं, त्यामुळे धागा कुठे वळेल सांगता येत नाही. शिवाय आपल्याकडे जळणाला येणारा काजू बहुतेक वेळा खोडकिड्याने मेलेला असतो. आतून पोखरलेल्या त्या ओंडक्यात घाव भुशात मारल्यासारखा बसतो. जिथे पोकळ वाजतं ती बाजू सोडा, घट्ट बाजूने फोडा. आंब्याच्या फांदीचा जोड तर हलक्या कुऱ्हाडीने फोडायच्या फंदात पडूच नका. तो भट्टीला तसाच द्या, तिथे जाड लाकूड हवंच असतं, कारण जाळ मंद आणि एकसारखा लागतो.

सुरूचा ओंडका वाळला की लोखंड होतो. तो ओला असतानाच फोडून घ्यायचा.

माडाच्या खोडाला आपल्या नेहमीच्या झाडांसारखी वलयं नसतात, नुसते तंतू. आतला भाग भुसभुशीत, घाव तिथेच जिरतो. चूल पेटवायला चुडतं (झावळ्या), पिडे (झावळ्यांचे देठ), सोडणं (नारळाची सालं) आणि करवंट्या असताना माडावर कुऱ्हाड का झिजवायची?

बिब्बा मात्र ओळखायला शिका. त्याचा काळा चीक अंगाला लागला तर फोड येतात. ढिगात आला तर हात न लावता बाजूला ठेवा, आणि जाळूही नका.

(झाड उभं असेल तर स्वतःच्या बागायतीतलं असलं तरी आधी वन खात्याची परवानगी घ्या. १९८४ पासून आपल्याकडे वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे.)

कुऱ्हाड अडकली तर

दांडा डावी-उजवीकडे हलवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दांडा माथ्यापाशी पिचतो, आणि तो पिचलाय हे दोन दिवसांनी कळतं. दांड्याच्या टोकावर तळहाताने वरून खाली ठोका, मग खालून वर. बहुतेक वेळा सुटतं. ओंडका लहान असेल तर कुऱ्हाडीसकट उचला, उलटा करा आणि कुऱ्हाडीची पाठ ठोकळ्यावर आपटा. ओंडका स्वतःच्या वजनाने पात्यावर उतरतो आणि फुटतो. कुऱ्हाडीच्या पाठीवर हातोडा मात्र मारू नका. पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

पातं वारंवार अडकत असेल तर धार बघा. कोयत्यासारखी पातळ धार फांदी छान तोडते, पण ओंडक्यात नुसतीच घुसते, लाकूड उकलत नाही. कानशीने ती थोडी बोथट, पोटाला फुगीर करून घ्या.

आणि ओंडक्याखाली चिरा (जांभा दगड) ठेवू नका! अंगणात चिरे पडलेलेच असतात म्हणून आमच्याकडे सर्रास त्यावर फोडतात, आणि चुकलेला एक घाव धारेची वाट लावतो. आंब्याच्या बुंध्याचा गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा ठोकळा पुरे. त्यावर चारचाकीचा जुना टायर ठेवून त्यात ओंडका उभा केला की ढलपे अंगणभर पळत नाहीत.

माथा ढिला झाला की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, हा सल्ला मीही ऐकला होता. सकाळी कुऱ्हाड घट्ट होती. दुपारच्या उन्हात दांडा सुकला, आणि चौथ्या घावाला माथा निघून तुळशी वृंदावनाच्या पायथ्याशी जाऊन पडला. त्या बाजूला पाच मिनिटांपूर्वी काकी मिरच्या वाळत घालत होती. पाण्याने फुगलेला दांडा सुकताना पहिल्यापेक्षा ढिला होतो. सुक्या लाकडाची नवी पाचर ठोका, आणि दांडाच गेला असेल तर धामणीच्या लाकडाचा बसवा.

दांडा आखूड असेल तर उभ्याने फोडू नका. चुकलेला घाव नडगीवर येतो. गुडघ्यावर बसा, म्हणजे तो ठोकळ्यात किंवा मातीत जातो. चपला घालून तर मुळीच नको. जळणाच्या बारीक काटक्या करताना लाकूड बोटांनी धरू नका, दुसऱ्या काठीने टेकवा.

फोडलेलं लाकूड जमिनीवर नको, चिऱ्यांवर आडव्या फांद्या टाकून त्यावर रचा. चिऱ्यांचा खरा उपयोग हा. मधून वारा खेळू द्या, साल वर ठेवा. आणि पावसात त्या ढिगातून लाकूड काढताना आधी काठीने ठोका, मग हात घाला. फुरसं तिथेच बसलेलं असतं.